गिटारच्या आधीचे दोन सेकंद

१

टेप फिरायला लागली, आणि जे ऐकायला चाळीस माणसं जमली होती तेवढंच नेमकं तिच्यात नव्हतं.

गाण्याला काही झालं नव्हतं. 'सातवा मजला' पन्नास वर्षांपूर्वी वाजलं तसंच वाजलं. आधी गिटारची ती पायऱ्या चढल्यासारखी धून, मग ड्रमचा दणका, मग बंद पडलेल्या लिफ्टमधून ओरडणाऱ्या माणसाचा आवाज. आमच्या तरुणपणी हे गाणं माहीत नाही म्हणणारा माणूस बहिरा तरी असायचा किंवा खोटारडा. चार पोरांनी एका दुपारी एका दमात ते वाजवलं होतं. पुढे संपावरच्या कामगारांनी ते फाटकापाशी म्हटलं, 'आमचा मजला कधी येणार' म्हणून. शाळांच्या संमेलनांत त्यावर नाच बसले. एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीनं ते जाहिरातीत वापरलं, तेव्हा गायक आठ दिवस जेवला नाही म्हणतात. मी त्याच इमारतीत कामाला होते. जेवत होता.

पण गाण्याची खरी ख्याती निराळ्याच गोष्टीमुळे. तबकडीवर सुई टेकली की गिटारच्या आधी दोन सेकंद शांतता आहे. त्या शांततेत, कान देऊन ऐकलं तर, भिंतीपलीकडून यावी तशी पुसट गुणगुण ऐकू येते. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'मजल्यावरचं भूत'. कोणी म्हणे लिफ्टमध्ये गेलेली बाई, कोणी म्हणे गायकाची वारलेली आई. ती आई तेव्हा दर शनिवारी त्याचा डबा घेऊन यायची, चांगली ठणठणीत.

दहा दिवसांपूर्वी ड्रमवाल्याची लेक रीतसर अर्ज करून ही मूळ टेप ऐकून गेली होती. ऐकून ती थेट कंपनीच्या मॅडमसमोर उभी राहिली. म्हणाली, तबकडीवर नाही ते टेपवर आहे. त्या शांततेच्याही आधी दहा-बारा सेकंद माझे बाबा ती धून गुणगुणून शिकवताहेत. तबकडीवर 'संगीत' म्हणून एकट्या गिटारवाल्याचं नाव, आणि ते पन्नास वर्षं. मॅडम म्हणाल्या, गाण्याच्या पन्नाशीच्या कार्यक्रमात मूळ टेप सगळ्यांसमोर वाजवू. तसं असेल तर नव्या आवृत्तीवर तुमच्या वडिलांचं नाव घालू.

आणि आता टेपवर काय होतं? सुरुवातीची पांढरी कोरी पट्टी, शांतता, भूत, गिटार.

"थांबवा!" लेक उभी राहिली. "सुरुवात कापलीय कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे कोण?" मॅडमनी शांतपणे विचारलं. "टेपचा डबा शेवटचा तुम्हीच उघडला होता. रजिस्टरमध्ये शेवटची सही तुमची आहे."

२

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली.

एकतीस वर्षं मी त्या कंपनीची टेपांची खोली सांभाळली. सगळे मला टेपबाई म्हणायचे. निवृत्त झाले त्या दिवशीच्या भाषणात साहेबांनीही तेच म्हटलं, कारण त्यांना माझं नाव आठवेना.

"मावशी, तुम्ही काल काहीच बोलला नाहीत."

"काय बोलणार? माहीत नसताना तोंड उघडायचं वय गेलं माझं."

"त्या म्हणतात, टेपवर काहीच नव्हतं. वडिलांचं खोटं उघडं पडेल म्हणून मीच कापली. सोमवारपर्यंत कबूल करा, नाहीतर पोलिसांत जातो." तिचं चष्म्याचं दुकान आहे. "म्हणे बारीक पाती, चिमटे, सगळं तुमच्याकडे असतंच. हातही बसलेला आहे."

"बसलेला आहेच की. माझ्या चष्म्याची काडी तूच नाही का बसवलीस?"

"मावशी, थट्टा नको."

तिनं चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"पोलिसांचं एवढं नाही. मी बाबांना सांगून बसले. टेपवर तुमचा आवाज आहे, आता तुमचं नाव लागणार. त्यांना सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. परवा मला म्हणाले, 'तुम्ही कोणाकडे आलात?' पण हे एवढं लक्षात राहिलंय. रोज विचारतात, 'मानलं का त्यानं?' म्हणजे गिटारवाल्यानं. पन्नास वर्षं लोक हसले त्यांना, ड्रमवाला आणि म्हणे धून रचतो! डॉक्टर म्हणतात, फार तर हे वर्ष. मग मानलं काय नि नाही काय, त्यांना कळणारच नाही."

"तू काय ऐकलंस? शब्द न् शब्द सांग."

"बाबा म्हणतात, 'हे बघ, असं.' मग गुणगुणतात. मग लांबून कोणीतरी म्हणतं, 'पुन्हा म्हण.' मग बाबा पुन्हा गुणगुणतात. मग शांतता, मग गिटार."

"ते 'पुन्हा म्हण' कोणाचं?"

"नाही ओळखलं. मावशी, तुमचा विश्वास आहे ना माझ्यावर?"

"विश्वासानं काय होणार आहे? टेप बघू दे."

३

मॅडम चाळिशीच्या, टापटीप, स्वभावानं वाईट नाहीत. पण टेप ही वस्तू त्यांनी बघितली ती काचेच्या कपाटात. मी रीळ हातात घेतलं तेव्हा त्यांनी श्वास रोखला.

"घाबरू नका. तुमच्या जन्माआधीपासून हाताळतेय."

कापलेली जागा मी दिव्याखाली धरली. काप तिरका होता. टेप सरळ कापून जोडली की जोडावर 'टक' असा आवाज येतो, तिरकी कापली तर येत नाही. जोडाची चिकटपट्टी पांढरीशुभ्र होती. जुनी पट्टी पिवळी पडते, कडेनं डिंक सुटतो. म्हणजे काप ताजा आणि जाणत्या हाताचा.

"तिरकं कापायचं हे पुस्तकात वाचूनही कळतं," मॅडम म्हणाल्या.

"कळतं. म्हणून त्यावर मी तिला सोडत नाही. टेप लावा."

शांतता, भूत, गिटार. मी पुन्हा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा ऐकताना माझ्या लक्षात आलं, की काय कापलंय याचाच विचार आम्ही करत होतो. काय ठेवलंय याचा कोणी केला नव्हता.

"मॅडम, शाईचं पत्र ओलं असताना घडी केलीत तर काय होतं?"

"समोरच्या बाजूला डाग उमटतो."

"टेपचंही तेच. रिळावर एका वेढ्यावर दुसरा वेढा बसतो, आणि एकावरचा आवाज शेजारच्यावर पुसट उमटतो. सगळ्यात बाहेरचा वेढा साधारण ऐंशी सेंटीमीटरचा. ही टेप सेकंदाला अडतीस सेंटीमीटर धावते. म्हणजे डाग मूळ आवाजानंतर किती वेळानं ऐकू येणार?"

त्यांनी मनात भागाकार केला. "दोन सेकंद."

"मग या शांततेत जे भूत आहे, ते दोन सेकंद आधीच्या गुणगुणीचा डाग आहे. कापलेल्या भागात गुणगुण होती. पोरगी खोटं बोलत नाही. पन्नास वर्षं घराघरांत त्याचा पुरावा वाजतोय."

मॅडमनी रिळाकडे बघितलं. "म्हणजे भूत वगैरे..."

"काही नाही. टेपला झालेली सर्दी."

"ठीक आहे. गुणगुण होती. पण कोणाची? भूत काही नाव सांगत नाही. आणि वडिलांचा आवाज नसेल, गिटारवाल्याचाच असेल, तर कापायचं कारण तिलाच जास्त."

मी विचारलं, "ती ऐकून गेल्यावर या खोलीत कोण आलं?"

"कोणीच नाही. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तुमचे कानसेन येऊन बाजूच्या खोलीतलं जुनं मशीन नीट करून गेले. पण त्यांनी टेप मागितलीच नाही. मग राहिलं कोण?"

४

कानसेन म्हणजे आमचे ध्वनिमुद्रक. हे गाणं त्यांनीच टेपवर घेतलं होतं. पण कापण्यात फायदा ज्याचा, त्याच्याकडे मी आधी गेले.

गिटारवाला आता टकला झालाय आणि एका खोलीत मुलींना गिटार शिकवतो. भिंतीवर त्याचाच केसाळ फोटो.

"या टेपबाई. मला वाटलं आधी पोलीस येतील."

"ते महाग पडतात. म्हणून मला पाठवलं."

तो हसला, पण बसताना त्याचा हात खुर्चीची पाठ शोधत होता. "तुम्हीही विचारणार ना, धून कोणाची? माझी. लिफ्टमध्ये सुचली, सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये. शंभर मुलाखतींत सांगितलंय."

"तेच म्हणतेय मी. शंभर वेळा सांगितलंस."

"म्हणजे मी खोटारडा?"

"नाही रे बाबा. आमचे हे चाळीस वर्षं सांगायचे, पहिल्या भेटीत माझ्या हातात लाल छत्री होती. छत्री होती माझ्या नणंदेची. पण इतक्यांदा ऐकलं, की आता मलाच ती माझ्या हातात दिसते. आठवण हाताळून गुळगुळीत होते. कोणाचा हात पहिला लागला ते मग कळत नाही."

त्यानं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. "मी टेप कापली नाही. मला कापताच येत नाही. कानसेन टेपेच्या आसपास तरी फिरकू द्यायचा का आम्हाला? 'बोटं धुऊन या' म्हणायचा. एकदाच काय तो ढिला पडला, त्याच आठवड्यात."

"ढिला कसा?"

"थंडी आठवते ना? इमारतीचं गरम पाणी बंद, नळाचं पाणी बर्फ. बोटं वळेनात माझी. मशीनचं ते मोठं लोखंडी कपाट तेवढं गरम असायचं. आम्ही सगळे त्यावर हात शेकायचो. हातमोजे, चहाचे कप, टेपांचे डबे, सगळं त्यावरच पडलेलं. कानसेन एक अक्षर बोलला नाही. तोही शेकत होता."

मी उठले. जिन्यात कठड्याला धरून जरा उभी राहिले. ओल्या शाईचा डाग घडी घालताच पडतो, पण त्यावर इस्त्री फिरवली तर तो दुप्पट गडद होतो. टेपेचंही तसंच. गरम जागी राहिलेल्या टेपेवर डाग ठसठशीत उमटतो. माझ्या खोलीच्या दारावर मीच पाटी लावली होती: 'उष्णतेजवळ डबे ठेवू नयेत.'

मला आता टेप कोणी कापली ते समजलं होतं. धून कोणाची होती, या प्रश्नाशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

५

कानसेन ऐंशीचे. घर असं की धूळही विचारून बसावी. त्यांनी मला खुर्ची दिली, खिडकी लावून घेतली. रस्त्याचा आवाज त्यांना अजून सोसत नाही.

"परवा मशीन छान लावलंत," मी म्हटलं. "कोणत्या टेपेवर जमवलंत?"

त्यांनी खिडकीची कडी पुन्हा तपासली.

"टेप वाजवून ऐकल्याशिवाय मशीनचा आवाज जमत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. तपासणीची टेपही माझ्याच खोलीत असते. रजिस्टरमध्ये तुमच्या नावावर एकही नाही. खोलीची किल्ली कुठे टांगतात ते तुम्हाला ठाऊक. मशीनसाठी आत गेलात, सही केली नाहीत, आणि एकाऐवजी दोन डबे काढलेत."

"पुरावा काय?"

"ज्याला धून लपवायची होती, त्यानं ते दोन सेकंदही कापले असते. त्यातही तीच धून आहे. कापणाऱ्यानं भूत जपून ठेवलं आणि त्याचं मूळ तेवढं काढून नेलं. म्हणजे धून कोणाची याचं त्याला काही नव्हतं. भूत कुठून आलं ते कळू नये, एवढंच हवं होतं. भुताची लाज कोणाला वाटेल, कानसेन?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले.

"शुक्रवारी गाणं घेतलं," ते म्हणाले. "घरी जायची घाई झाली थंडीनं. डबा कपाटावरच राहिला, सोमवारपर्यंत. सोमवारी तबकडीसाठी टेप लावली आणि मला ती गुणगुण ऐकू आली. ते दोन सेकंद कापावे तर गिटार अचानक आदळणार, पुन्हा घ्यायला गायकाचा गळा बसलेला, कंपनीला घाई. मी कोणाला बोललो नाही. वाटलं, एवढं बारीक कोण ऐकतंय! आणि बाई, जगानं तेवढंच ऐकलं! पन्नास वर्षं लोक माझ्या चुकीच्या पाया पडताहेत. मासिकांत लेख, त्यावर पुस्तकं. मी केलेली बाकीची हजार गाणी स्वच्छ आहेत हो, आरशासारखी. त्यांतलं एक कोणाला आठवत नाही."

"मूळ टेप सगळ्यांसमोर वाजणार म्हटल्यावर..."

"एखादा शहाणा दोन सेकंद मोजणारच होता. तुम्ही मोजलेतच की. भूत कापलं असतं तर चाळीस जणांनी विचारलं असतं, कुठे गेलं. त्याच्या आधीचं कोणाला माहीत होतं?"

"ड्रमवाल्याच्या लेकीला."

"ते मला तिथे कळलं. ती उभी राहिली तेव्हा."

"कापताना ऐकलंत की तुम्ही. 'हे बघ, असं' म्हणतोय तो."

"ऐकलं, पण काय म्हणतोय ते नाही ऐकलं. आयुष्यभर मी तेच कापत आलो. गाण्याआधीची बडबड, खोकला, खुर्चीची कुरकुर. माणूस काय बोलतोय इकडे माझं लक्ष नसतं, आवाज स्वच्छ आहे का, एवढंच बघतो. दोनदा मॅडमच्या दारापर्यंत जाऊन आलो. दोन्ही वेळा लिफ्टनं खाली उतरलो. त्या पोरीवर आळ गेला, आणि मी माझ्या नावाला जपत बसलो."

मी एकच विचारलं. "तुकडा?"

आमच्याकडे नियम होता. कापलेला तुकडा तबकडी बाजारात जाईपर्यंत फेकायचा नाही, न जाणो परत लागेल. ते उठले. कपाटातून एक लहान डबी आणली. आत टेपेची गुंडाळी होती, डबीवर चिठ्ठी होती: गाण्याचं नाव, तारीख, 'सुरुवातीचा भाग, तेरा सेकंद'. शरमेपोटी चोरी केली, पण चिठ्ठी लावायला माणूस विसरला नव्हता.

"सोमवारी मी स्वतः जोडतो," ते म्हणाले. "आणि काय झालं ते माझ्याच तोंडानं सांगतो. तुम्ही बोलू नका."

६

सोमवारी मॅडम, लेक, गिटारवाला, सगळ्यांसमोर त्यांनी सगळं सांगितलं, उभं राहून. मॅडमनी लेकीची माफी मागितली आणि तक्रारीचा कागद तिच्या हातात दिला, फाडायला. मग कानसेननी तुकडा जोडला. जोड बसला तो पहिल्याच फटक्यात.

टेप सुरू झाली. 'हे बघ, असं.' ड्रमवाल्याचा तरुण आवाज, सर्दी झालेला. मग ती धून, ओठ मिटून. मग लांबून दुसरा आवाज: 'पुन्हा म्हण.'

मी गिटारवाल्याकडे बघितलं नाही, कारण सगळेच बघत होते.

"माझा आवाज आहे," तो म्हणाला. "मीच विचारतोय त्याला." मग म्हणाला, "लिफ्ट मला अजून दिसतेय. अगदी दिवासुद्धा दिसतोय तिच्यातला."

दुपारी आम्ही लेकीच्या घरी गेलो. ड्रमवाला मागच्या खोलीत, गुडघ्यांवर शाल घेऊन बसला होता. लेकीनं फोनवर घेतलेलं त्याला ऐकवलं. त्यानं मान कलती करून ऐकलं.

"कोण हा? गळा काही खास नाही."

लेकीचा चेहरा उतरला. मला वाटलं, उशीर झाला आपल्याला.

गिटारवाला त्याच्यासमोर खाली बसला. "आणि धून? धून कोणाची?"

"माझी," ड्रमवाला म्हणाला, आपली चप्पल दाखवावी इतक्या सहज. "कोणाची म्हणजे काय?"

"तुझीच. तू शिकवलीस मला. मी विसरलो."

ड्रमवाल्यानं त्याच्याकडे नीट बघितलं. टकलाकडे, मग बोटांकडे. बोटांवर नजर खिळली. "तू होय! विसरतो रे माणूस. मला विचार." मग लेकीकडे वळून म्हणाला, "मानलं बरं का त्यानं."

"हो बाबा," ती म्हणाली. "मानलं."

मॅडमनी नव्या आवृत्तीचा कागद पुढे केला. संगीताच्या रकान्यात ड्रमवाल्याचं नाव टंकलेलं होतं, खाली सहीची जागा. त्यानं पेन घेतलं, कागद डोळ्यांजवळ नेला आणि थांबला.

"याचं नाव कुठाय?"

"ते आता काढायचं ना, बाबा."

"का? मी नुसता गुणगुणलो. लोकांनी ऐकलं ते यानं वाजवलेलं. मला कुठे गिटार येते?" त्यानं स्वतःच्या नावापुढे वाकड्या अक्षरांत 'आणि' लिहिलं, त्याच्यापुढे गिटारवाल्याचं लहानपणचं नाव लिहिलं, सही केली, आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

गिटारवाल्याला कागद दिसत नव्हता.

"रडतोस काय?" ड्रमवाला म्हणाला. "सही कर."